बारदानासकट

आमच्या सेलूच्या मोंढ्यात
पहिलं माप टाकताना 'एक' म्हणत नाहीत.
म्हणतात, लाभ.
लाभ, मग दोन, मग तीन.
एकतीस वर्षं असाच मोजत आलो,
तूर, सोयाबीन, टाळकी ज्वारी,
सगळं लोकांचं.

आवक नव्हती त्या दिवशी.
काटा नवा, लाल आकड्यांचा.
वाजिद हमाल म्हणाला, मापाडी, चढा बरं.
चढलो.
आकडे थरथरले अन् थांबले:
चौऱ्याण्णव किलो, दोनशे ग्रॅम.
"क्विंटलला जरासंच कमी. भाव काय लावू?"
सगळे हसले, मीही हसलो,
तेवढ्यात पोटावरचं बटन तुटून काट्याखाली गेलं
अन् मला वाकून उचलता येईना.
वाजिदनं उचलून हातात दिलं.
तेव्हा तो हसत नव्हता.

"साखर काठावर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
दुधनेचं पाणी काठावर आलं की
आम्ही वरच्या आळीत सामान हलवतो.
इथं काय हलवायचं?
"स्वतःला," त्या म्हणाल्या,
अन् पुढच्याला आत बोलावलं.

मोंढ्यात चहा कुणी मागत नाही, तो येतो.
आडत्याचा एक, माल आणणाऱ्याचा एक,
भांडण मिटलं की एक,
पेटलं तरी एक.
दुसऱ्याचा दाणान् दाणा मोजणाऱ्यानं
आपले कप कधी मोजले नव्हते.
मोजले. अकरा.
दोन चमच्यांनी हिशेब लावला,
महिन्याला अडीच किलोच्या वर साखर,
अन् ती पोत्यात नाही, माझ्यात.
आता दोनच घेतो.
उरलेल्या नऊ वेळा 'नको' म्हणणं
पोतं उचलण्याहून जड जातं.

मथुरा काही बोलली नाही.
भाकरी तेवढी तळहाताएवढी थापू लागली,
अन् ताटात आधी मुळा, काकडी, घोळाची भाजी.
"भाकरी काहून दिसंना?"
"येती की. आधी चावा."
दिवेलागणीलाच ताट वाढायचं ठरलं,
तर म्हणाली, मग मीबी बसते.
सव्वीस वर्षं ती माझ्यामागून जेवली,
गार झालेलं.
आता समोर बसते, बोलते,
अन् बोलता बोलता माझा घास
आपोआप हळू होतो.
तिला कमरेत दुखतं, हे मला
या भाजीच्या ताटावर कळलं.

पहाटे बाजार समितीच्या कुंपणाकडंनं चक्कर.
सातशे पावलं.
पहिल्या दिवशी गोदामाला टेकून उभा राहिलो,
कुत्रंसुद्धा भुंकलं नाही, इतकी कीव.
तरी चक्कर संपली तेव्हा
सवयीनं तोंडातून गेलं: लाभ.
काही कमी करायला निघालोय
अन् म्हणतोय लाभ!

धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला तीन दिवस.
पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार,
जावयाला नाही म्हणायची सोय नसते.
दीड किलो परत आलं.
मथुरा म्हणाली, व्याज आहे, फिटंल.

पोतं तोललं की आम्ही बारदान वजा करतो.
एका रात्री झोप येईना तेव्हा विचार केला,
माझ्यात बारदान किती, माल किती?
या देहाला मी नुसतं बारदान समजून
फेकत, ओढत, कोंबत आलो.
पण ते उसवलं
तर माल ठेवणार कुठं?
मग कूस बदलली अन् झोपलो.
झोपेचंही वजन असतं, बाई म्हणाल्या होत्या.

सहा महिने झाले.
काटा शहाऐंशीवर अडून बसलाय,
रुसलेल्या बैलावानी.
काल एका पोत्याची सुतळी सुटली, ज्वारी सांडली.
उकिडवा बसलो, दाणे गोळा केले,
तसाच बसून वाजिदशी त्याच्या पोरीच्या निकालाचं बोललो,
अन् उठलो.
उठल्यावर ध्यानात आलं
की कुणाचा हात धरला नव्हता.
हे काट्यावर दिसत नाही.

शर्ट तोच, पांढरा.
बटन निळ्या दोऱ्यानं लावलेलं.
आता ढगळ होतो.
मथुरा म्हणते, शिवण आत घेऊ का?
म्हणलं, राहू दे.
बारदान जरा ढिलंच बरं.